सकाळी उघडलं तर फोल्डरच नाहीत! मेल खरंच गेले का?

पत्र थोडक्यात : एक ताई लिहितात की त्या घरून भाषांतराचं काम करतात आणि गेल्या ११ वर्षांचा कामाचा सगळा पत्रव्यवहार कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. अकाऊंट दोन. एक जुनं, इंटरनेट कनेक्शनसोबत मिळालेलं, आणि दुसरं जीमेल. मागच्या आठवड्यात एका सकाळी थंडरबर्ड उघडलं तर 'ग्राहक' नावाचं फोल्डर त्याच्या आतल्या सगळ्या फोल्डर्ससकट गायब, आणि जुन्या अकाऊंटच्या इनबॉक्समध्ये २०१९ च्या आधीचे मेल नाहीत, अधूनमधून एखादा सुटा मेल तेवढा राहिलाय. जीमेल मात्र जसंच्या तसं. आदल्या दिवशी भाचा आला होता, कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून त्याने तासभर बसून साफसफाई केली, आणि त्याच रात्री थंडरबर्डचं अपडेटही आलं. ताईंनी भाच्याला फोनवर चांगलंच झापलं, त्यावरून बहीण दुखावली, आता दोघी बोलत नाहीत. भाचा म्हणतो अनइन्स्टॉल करून परत टाक, सगळं येईल. यजमान म्हणतात असले प्रोग्रॅम हवेतच कशाला, ब्राउझरमध्ये मेल बघ. ताई विचारतात, मेल परत येतील का, थंडरबर्ड सोडून देऊ का, आणि भाच्याला मी उगाच बोलले का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यातली एक ओळ वाचून हायसं वाटलं, ती म्हणजे 'अजून कशालाच हात लावलेला नाही, घाबरून नुसती बसून आहे'. फार छान केलंत. खरंच सांगते, मेल गायब झाल्यावर जे नुकसान होतं ना, त्यातलं बरंचसं नंतरच्या दोन तासांत होतं, माणूस हे दाबून बघतो ते दाबून बघतो, अकाऊंट काढून परत टाकतो, कोणीतरी सांगतं म्हणून कॉम्पॅक्ट करतो, म्हणजे जागा वाचवायला फायली आवळतो, आणि मग जे नुसतं दिसत नव्हतं ते खरोखरच जातं.

तर पहिली गोष्ट, तुम्ही धरून चाललायत की मेल 'उडाले'. ते मी लगेच मान्य करणार नाही. पडद्यावर दिसत नाही आणि डिस्कवर नाही या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत आणि अशा तक्रारींमध्ये पहिल्याच प्रकारच्या जास्त निघतात. आणि दुसरं, तुमच्या दोन तक्रारी आहेत, फोल्डर गेलं आणि जुने मेल गेले, त्या एकाच सकाळी दिसल्या म्हणून तुम्ही त्यांचा एकच आरोपी ठरवलात. पण वाचताना मला तरी ही दोन वेगवेगळी प्रकरणं वाटतायत.

आता काही शोधायच्या आधी कॉपी. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूत जा, तिथे ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन म्हणून आहे, त्यात प्रोफाइल फोल्डरच्या (म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवलेले असतात त्या फोल्डरच्या) समोर ओपन फोल्डरचं बटण दिसेल. ते दाबलं की विंडोजचं फोल्डर उघडतं, आत खूप अनोळखी फायली दिसतील, घाबरू नका. ते फोल्डर कुठे आहे ते लक्षात ठेवा, मग इंटरनेट बंद करा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि ते आख्खं प्रोफाइल फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हलवायचं नाही हं, कॉपी. इंटरनेट बंद का, तर जीमेलसारखं अकाऊंट सर्व्हरशी सतत जुळवून घेत असतं, तिकडे काही पुसलं गेलं असेल तर इकडचंही पुसतं, ते थांबवायला. आणि परत चालू कराल तेव्हा सेटिंग्जमध्ये जनरलच्या खाली डिस्क स्पेसच्या भागात 'कॉम्पॅक्ट ऑल फोल्डर्स' असं काहीतरी टिक केलेलं असेल ती टिक आधी काढा. कारण सांगते पुढे.

कॉपी झाली? आता निवांत शोधू.

आधी 'ग्राहक' फोल्डर. तुम्ही लिहिलंय ते डावीकडे 'लोकल फोल्डर्स' च्या खाली होतं. मग मला सांगा, आता तिथे 'लोकल फोल्डर्स' हे शब्द तरी दिसतायत का? ते आता दिसतायत की नाही हे पत्रात नाही, आणि म्हणून मला शंका आहे. थंडरबर्डच्या ११५ नंबरच्या व्हर्जनपासून, ते २०२३ च्या जुलैमध्ये आलं, डावीकडची पट्टी बरीच बदलली. त्या पट्टीच्या वर तीन टिंबं असतात, त्यावर क्लिक केलं की लोकल फोल्डर्स लपवायचा ऑप्शन असतो, आणि एक 'फोल्डर मोड्स' म्हणून यादी असते, त्यात ऑल, युनिफाइड, अनरीड, फेव्हरिट, रीसेंट असे प्रकार. यातला 'ऑल फोल्डर्स' निघालेला असेल आणि नुसता 'अनरीड' राहिला असेल तर ज्या फोल्डरमध्ये न वाचलेला मेल नाही ते फोल्डर दिसतच नाही, आणि तुमच्या ग्राहकांच्या फोल्डर्समध्ये सगळं वाचलेलंच असणार ना, कामाचे मेल. म्हणजे फोल्डर जागच्या जागी असतं आणि माणूस इकडे रडकुंडीला आलेला असतो. कोणीतरी चुकून किंवा हौसेने क्लिक केलं की झालं.

तिथे काही सापडलं नाही तर दुसरी जागा बघायची ती म्हणजे इतर फोल्डर्सच्या पोटात. माऊस दाबलेला असताना हात सरकला की एक फोल्डर दुसऱ्यात जाऊन बसतं. प्रत्येक फोल्डरच्या डाव्या बाजूला छोटा बाण असतो तो उघडून उघडून बघा, विशेषतः ट्रॅशच्या आत, कारण फोल्डर डिलीट केलं की ते ट्रॅशच्या खाली उपफोल्डर म्हणून जातं आणि लोक ट्रॅश उघडून नुसते मेल बघतात, बाणाकडे लक्षच जात नाही. सापडलं तर ओढून परत आणायचं, बास.

आता इनबॉक्स. इथे तुम्ही नकळत मोठा पुरावा दिलाय. २०१९ च्या आधीचं सगळं गेलं आणि नंतरचं सगळं आहे. बघा, अपघात कधी तारीख बघून होत नाही. फाइल खराब झाली असती तर मधलेच कुठले तरी मेल गेले असते, विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असे मेल दिसले असते, किंवा आख्खा इनबॉक्स रिकामा झाला असता. तारखेच्या रेषेवर बरोबर कापलंय म्हणजे कुठला तरी नियम लागलाय, किंवा कोणीतरी जुने मेल निवडून एकदम काहीतरी केलंय.

निवडून एकदम काय करता येतं? की-बोर्डवरचं 'ए' अक्षर दाबता येतं! थंडरबर्डमध्ये मेल निवडलेले असताना नुसतं 'ए' दाबलं की ते अर्काइव्ह होतात, 'अर्काइव्हज' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, आणि नेहमीच्या सेटिंगला त्यात वर्षावर्षाची फोल्डर्स आपोआप तयार होतात, २०१४, २०१५ अशी. एक अक्षर, कंट्रोल नाही शिफ्ट नाही. मला विचाराल तर इतकी मोठी हालचाल एका साध्या अक्षरावर ठेवायलाच नको होती. बऱ्याच जणांना तर अर्काइव्हज नावाचं फोल्डर आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. तर जुन्या अकाऊंटखाली आणि लोकल फोल्डर्सखाली ते आहे का बघा. असेल तर मेल तिथे नीट वर्षवार लावलेले मिळतील, कदाचित तुम्ही लावले असते त्याहून नीट.

पण मला जास्त संशय दुसऱ्या गोष्टीचा आहे आणि त्याचं कारण ते 'अधूनमधून राहिलेले सुटे मेल'. ते जरा नीट बघा. त्यांच्यावर तारा आहे का? तुम्ही कधीतरी महत्त्वाचे म्हणून तारा लावलेले तेवढेच वाचलेत का? तसं असेल तर जवळजवळ नक्की झालं. अकाऊंट सेटिंग्जमध्ये या जुन्या अकाऊंटखाली 'डिस्क स्पेस' नावाचं पान आहे, जीमेलसारख्या अकाऊंटला तेच 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' नावाने असतं. तिथे जागा वाचवण्यासाठी तीन पर्याय आहेत : काहीच डिलीट करू नको, सगळ्यात नवे अमुक इतके ठेवून बाकीचे डिलीट कर, किंवा अमुक दिवसांपेक्षा जुने डिलीट कर. आणि त्याच्याच खाली एक चौकट, तारा लावलेले मेल कायम ठेव. साफसफाई करायला बसलेल्या, 'डिस्क स्पेस' शब्द दिसल्यावर डोळे चमकलेल्या मुलाने तिथे काय केलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. हे पान उघडा आणि काही वेगळं निवडलेलं असेल तर आत्ताच 'डोंट डिलीट एनी मेसेजेस' वर आणा. इनबॉक्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्येही रिटेन्शन पॉलिसी म्हणून एक टॅब असतो, तो पण बघा, कारण एकेका फोल्डरला वेगळा नियम लावता येतो.

सेटिंग परत फिरवली म्हणून गेलेले मेल परत येणार नाहीत. पण आता ती कॉपी कामाला येईल.

हे मेल ठेवले कसे जातात ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं. तुम्ही आत्ता काढलेल्या कॉपीत 'मेल' नावाचं फोल्डर असेल, त्यात तुमच्या जुन्या अकाऊंटच्या सर्व्हरच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात 'इनबॉक्स' नावाच्या दोन फायली दिसतील. एकीला काही एक्स्टेंशन नाही, दुसरीच्या शेवटी डॉट एमएसएफ. बिनएक्स्टेंशनची फाइल म्हणजे तुमचे सगळे मेल, एकाखाली एक, साध्या टेक्स्टमध्ये, लांबच लांब जमाखर्चाच्या वहीसारखे. एमएसएफ म्हणजे त्या वहीची अनुक्रमणिका. पडद्यावर तुम्हाला जी मेलची यादी दिसते ती अनुक्रमणिकेवरून दिसते. फोल्डरच्या आत फोल्डर असेल तर त्याच्यासाठी डॉट एसबीडी नावाचं डिस्कवरचं फोल्डर असतं. म्हणजे तुमचं 'ग्राहक' खरंच आहे की नाही हे बघायचं असेल तर 'मेल' मध्ये 'लोकल फोल्डर्स' उघडा, तिथे 'ग्राहक' नावाची फाइल आणि 'ग्राहक' डॉट एसबीडी आहे का एवढंच बघा. मराठी नाव असल्यामुळे फाइलचं नाव कधीकधी विचित्र अक्षर-आकड्यांचं झालेलं असतं, तेव्हा नावावर जाऊ नका, साइज बघा.

आणि मेल डिलीट केला की काय होतं? वहीतून पान फाडलं जात नाही, नुसती त्याच्यावर खूण होते की हा आता दाखवू नको. खरोखर फाडलं जातं ते कॉम्पॅक्ट केल्यावर. म्हणून मघाशी ती टिक काढायला लावली. तुमच्या इनबॉक्सची फाइल किती मोठी आहे बघा. यादीत दिसणाऱ्या मेलच्या मानाने ती खूपच मोठी असेल, म्हणजे दिसतायत थोडे आणि फाइल मात्र दोन जीबीची, तर कॉम्पॅक्ट अजून झालेलं नाही आणि २०१९ च्या आधीचं सगळं आत शाबूत आहे. फाइल लहानशी असेल तर मात्र कॉम्पॅक्ट होऊन गेलंय, मग या वाटेने काही मिळणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते म्हणजे खोटी आशा नको.

मोठी असेल तर पुढचं काम नेहमी कॉपीच्याही कॉपीवर करायचं. इनबॉक्सची बिनएक्स्टेंशनची फाइल वेगळीकडे घ्या, तिचं नाव 'जुना इनबॉक्स' वगैरे ठेवा आणि मोठ्या फायली झेपणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. विंडोजचं साधं नोटपॅड एवढ्या फाइलला नको, अडकून बसेल. प्रत्येक मेलच्या सुरुवातीला एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ असते आणि तिच्यापुढे चार आकडी कोड. ०००८ किंवा ०००९ असेल तर तो मेल डिलीट म्हणून खूण झालेला. ०००८ च्या जागी ०००० आणि ०००९ च्या जागी ०००१, म्हणजे वाचलेला, असं सगळीकडे एकदम रिप्लेस करायचं. आकडे अर्थातच इंग्रजीत. त्या ओळीखाली जवळजवळ त्याच नावाची, शेवटी २ असलेली आणखी एक ओळ असते तिला हात लावायचा नाही. सेव्ह करा, थंडरबर्ड बंद असताना ही फाइल खऱ्या प्रोफाइलच्या 'लोकल फोल्डर्स' मध्ये टाका, एमएसएफ टाकू नका, ती थंडरबर्ड स्वतः नव्याने बनवतं. उघडलं की डावीकडे 'जुना इनबॉक्स' नावाचं नवीन फोल्डर दिसेल. त्यात तुम्ही खरंच नको म्हणून डिलीट केलेले मेलही परत आलेले असतील, जाहिराती बिहिराती, तेवढं सहन करा. हे वाचूनच धडधडत असेल तर कॉम्प्युटर समजणाऱ्या कोणाला तरी शेजारी बसवा, पण हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या आणि कॉपीवरच काम करा म्हणून सांगा.

बाकी वाचकांसाठी एक गोष्ट, एमएसएफ म्हणजे अनुक्रमणिका बिघडली असेल तेव्हा मेल असून दिसत नाहीत किंवा भलतेच उघडतात. तेव्हा फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. जुन्या पद्धतीच्या म्हणजे पॉप अकाऊंटला हे अनुक्रमणिका नवीन बनवतं, चांगलं आहे. पण आयमॅप अकाऊंटला, म्हणजे जीमेलसारख्या, जिथे मेल सर्व्हरवरच राहतात, रिपेअर म्हणजे सर्व्हरवरून सगळं नव्याने मागवणं, आणि सर्व्हरवरच मेल नसतील तर येणार कुठून? म्हणून जीमेल वगैरेला रिपेअर दाबायच्या आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करून मेल तिकडे आहेत का ते बघायचं.

पॉप की आयमॅप हे कसं कळणार, तर अकाऊंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज, सगळ्यात वर सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. तुमचं जुनं अकाऊंट पॉप आहे हे तुमच्या वर्णनावरून कळतंच, पण एकदा खात्री करा. कारण यजमानांच्या सल्ल्याचं उत्तर यातच आहे. ते म्हणतात ब्राउझरमध्ये बघ. जीमेलसाठी ठीक आहे, तिथे मेल सर्व्हरवरच राहतात आणि थंडरबर्ड ही नुसती खिडकी. पण पॉपमध्ये मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरतात आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून लगेच किंवा काही दिवसांनी पुसले जातात. ११ वर्षांचे मेल त्या कंपनीच्या वेबमेलमध्ये मिळणार नाहीत. तरी एकदा लॉगिन करून बघा, 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' टिक केलेलं असेल तर थोडंफार घबाड तिथे सापडूही शकतं. पण आजच थंडरबर्ड सोडून ब्राउझरवर जाणं म्हणजे हरवलेलं शोधायचं सोडून घर बदलणं. नंतर बदला हवं तर.

आणि भाच्याचा सल्ला, अनइन्स्टॉल करून परत टाक. नका करू. मेल प्रोफाइलमध्ये असतात, प्रोग्रॅममध्ये नाही, त्यामुळे प्रोग्रॅम काढून टाकल्याने प्रोफाइल जसं आहे तसंच राहतं, म्हणजे प्रॉब्लेमही तसाच राहतो. उलट एक नवीन घोळ होऊ शकतो. डाउनलोडमध्ये पडलेला जुना इन्स्टॉलर चालवला तर थंडरबर्ड म्हणतं की हे प्रोफाइल माझ्यापेक्षा नवीन व्हर्जनने वापरलंय, आणि नवीन कोरं प्रोफाइल बनवायला सांगतं. घाईत ओके केलं की सगळंच रिकामं, दोन्ही अकाऊंट गायब, आणि मग माणूस खरा घाबरतो. ज्यांच्या बाबतीत हे झालंय, म्हणजे थंडरबर्ड उघडल्यावर पहिल्या दिवसासारखं 'नवीन अकाऊंट जोडा' विचारतंय, त्यांनी नवीन अकाऊंट जोडत बसू नका, हेल्पमधून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये जाऊन 'अबाउट प्रोफाइल्स' ची लिंक उघडा, तिथे जुनं प्रोफाइल बहुतेक यादीत असेल, ते डिफॉल्ट करून रीस्टार्ट करा. ताई, तुमचं हे नाही, तुमचं जीमेल पासवर्ड न विचारता उघडतंय म्हणजे प्रोफाइल तेच आहे. अपडेटवरचा संशयही त्यामुळे बराच कमी होतो, अपडेटने फार तर पट्टीची मांडणी बदलली असेल.

आता भाचा. तुम्ही विचारलंय उगाच बोलले का. माझ्या अंदाजाप्रमाणे इनबॉक्सचं काम त्याच्या हातून झालेलं असू शकतं, फोल्डरचं कदाचित नाही. पण ते सोडा. त्याने ते मुद्दाम केलं नाही हे तुम्हालाही माहितीये, आणि खरा मुद्दा असा की त्या तासाभरात काय काय झालं हे सांगू शकणारा तो एकटाच माणूस आहे आणि तुम्ही त्यालाच गप्प केलंयत. झापल्यावर कोण सांगेल की हो मावशी, मी ते सेटिंग बदललं होतं? बहिणीला फोन करा, राग गिळून नाही, काम आहे म्हणून करा, आणि त्याला विचारा : थंडरबर्ड उघडलं होतंस का, कुठली पानं उघडलीस, साफसफाईचा कुठला प्रोग्रॅम चालवलास आणि तो अजून आहे का, अँटीव्हायरसने काही पकडलं म्हणून खिडकी आली होती का. शेवटचा प्रश्न विसरू नका. अँटीव्हायरसला एखाद्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये व्हायरस दिसला की तो कधीकधी ती आख्खी फाइलच क्वारंटाइनमध्ये टाकतो, आणि इथे आख्खी फाइल म्हणजे आख्खं फोल्डर. 'ग्राहक' आणि त्याची पोरंबाळं दृश्यातही नाहीत आणि डिस्कवरच्या 'लोकल फोल्डर्स' मध्येही नाहीत असं निघालं तर पहिल्यांदा अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनची यादी बघा, तिथून रिस्टोअर करता येतं. मग प्रोफाइल फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.

भाच्याला हे विचारताना 'तू काय केलंस' आणि 'तुला काय आठवतंय' यात फरक पडतो. दुसरं विचारा. आणि यापुढे कामाच्या कॉम्प्युटरवर त्याला वेगळं लॉगिन करून द्या, त्याचाही जीव वाचेल.

हे सगळं करून काहीच हाती लागलं नाही, फाइल लहान, क्वारंटाइन रिकामं, अर्काइव्हज नाही, तर मग डिस्कवरून डिलीट झालेल्या फायली शोधायचा प्रयत्न राहतो. त्यासाठी कॉम्प्युटर वापरणं थांबवावं लागतं, कारण नवीन काही लिहिलं गेलं की जुन्यावर लिहिलं जातं. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क असेल तर शक्यता तशीही कमीच, ती पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करते. दुरुस्तीवाल्याकडे नेलंत तर एकच वाक्य बजावून सांगा, फॉरमॅट करायचं नाही. आणि तुमच्या कामाचा विचार करता अजून एक साधी वाट आहे, ग्राहकांकडे त्या पत्रव्यवहाराची त्यांची बाजू असते. जुन्या कामाचं महत्त्वाचं काही हवं असेल तर त्यांच्याकडून फॉरवर्ड करून मागवण्यात कमीपणा नाही, सगळं नाही पण करारपत्रं, मंजूर झालेले दर असलं मिळेल.

तुमच्यासारख्याच पण जरा वेगळ्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांसाठी पटकन काही. सगळेच मेल दिसत नाहीत, अचानक यादी छोटी झाली, तर वरचा क्विक फिल्टर बघा, 'अनरीड' किंवा 'अटॅचमेंट' दाबलेलं राहिलेलं असतं आणि शेजारची पिन लावलेली असेल तर फोल्डर बदललं तरी फिल्टर सोबत येतो. आयमॅपचं एखादंच फोल्डर दिसत नाही तर अकाऊंटवर राइट क्लिक करून सबस्क्राइब उघडा, त्या नावासमोर टिक नसेल. जीमेलचं लेबल दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सच्या पानावर 'शो इन आयमॅप' ची टिक बघा, आणि त्याच सेटिंग्जमध्ये आयमॅपच्या पानावर फोल्डरमध्ये जास्तीत जास्त किती मेल दाखवायचे याची मर्यादा लावता येते, ती १००० वर असेल तर तेवढेच उतरणार. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस असतो, म्हणजे तिकडचं शोधायचं असेल तर उशीर करू नका. फोनवर डिलीट केलं आणि कॉम्प्युटरवरूनही गेलं, याला आयमॅप असंच वागतं, बिघाड नाही तो. आणि आउटलुक वापरणाऱ्यांचे जुने मेल गेले असतील तर अकाऊंट सेटिंग्जमधला किती महिन्यांचे मेल ऑफलाइन ठेवायचे तो स्लायडर बघा, तो एक वर्षावर असेल तर त्याआधीचे मेल सर्व्हरवर असतात, नुसते उतरवलेले नसतात.

ताई, सगळं सापडलं की पहिल्याच दिवशी ते प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर पुन्हा कॉपी करा आणि महिन्यातून एकदा करत राहा, थंडरबर्ड बंद करून. आतमध्ये एक्स्पोर्टचं बटण आहे पण ते दोन जीबीपर्यंतच्याच प्रोफाइलला चालतं, तुमचं त्याच्या पुढे गेलेलं असणार. आणि ते प्रोफाइल क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची आयडिया कोणी दिली तर नको म्हणा, चालू फायली सिंक होताना गोंधळ होतो. जुनं अकाऊंट हळूहळू बंद करून ग्राहकांना जीमेलचा पत्ता द्यायचा विचार चांगला आहे, जुने मेल थोडे थोडे ओढून जीमेलच्या फोल्डरमध्ये टाकता येतात, एकदम हजारो टाकू नका, मध्येच अडकतं.

आणि परत आणलेले मेल वरच्या सर्चमध्ये लगेच सापडणार नाहीत. त्या सर्चची वेगळी फाइल असते, ग्लोबल मेसेजेस डीबी नावाची, शेवटी डॉट एसक्यूलाइट, थंडरबर्ड बंद करून तेवढी एकच फाइल प्रोफाइलमधून काढून टाकली की ती नव्याने बनते. ११ वर्षांच्या मेलला बरेच तास लागतील, तोवर सर्चमध्ये काही दिसलं नाही म्हणून रिपेअर दाबत बसू नका, कॉम्प्युटर चालू ठेवा आणि तोवर बहिणीशी बोलून घ्या.